शाकाहारी तारा

२ सप्टेंबर १९७०, कोपरगाव

विमा एजंटाने जानेवारीत दिलेली ही डायरी आज उघडतो आहे. आठ महिने कोरे गेले. जाऊ देत. छत्तीस वर्षं पाचवीच्या वर्गाला ओढ्याची कविता शिकवली, त्यातल्या कुणाच्या डोक्यात ओढा वाहिला? तिथेही कोरंच.

परवा निवृत्त झालो. शाल, श्रीफळ आणि हार्प मिळाला. शाल-श्रीफळ सगळ्यांनाच मिळतं. हार्प मात्र अख्ख्या तालुक्यात एकच, आणि तो माझ्या वाट्याला आला.

हार्प म्हणजे गोऱ्यांची वीणा. माणसापेक्षा उंच, मान हंसासारखी वाकलेली, आणि त्या मानेपासून पोटापर्यंत ताणलेल्या तारा. कारखान्यावर पूर्वी एक गोरा इंजिनिअर होता. तो विलायतेला परतला तेव्हा त्याच्या मडमेने तो बंगल्यातच सोडला, कारखान्याने तो शाळेला दान केला आणि शाळेने तो प्रयोगशाळेत सांगाड्याशेजारी उभा केला. मुलं त्यावर टोप्या टांगायची. मी एकटा मधल्या सुट्टीत जाऊन तारा छेडायचो. सोबत एक इंग्रजी पुस्तिका आहे. तिच्यावरून मी स्वतःच्या बळावर बऱ्यापैकी वाजवू लागलो, म्हणजे एक चाल. ओढ्याच्या कवितेची. खाली पायाने दाबायच्या सात पट्ट्या आहेत, त्या कशासाठी हे सांगणारं पान उंदरांनी खाल्लं आहे.

हेडमास्तर भाषणात म्हणाले, "ज्यांच्या हृदयी काव्य, त्यांच्या गृही वीणा." पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन आहे आणि प्रयोगशाळेत जागा हवी आहे, हे ते बोलले नाहीत.

बैलगाडी दाराशी लागली तेव्हा सूनबाई उंबऱ्यात उभी होती. विमल तशी कमी बोलते.

"मामंजी, निवृत्त तुम्ही झालात. हे का झालं?"

९ सप्टेंबर

गणेश मंडळाच्या सेक्रेटरीने मला वेळ दिला. लेझीम संपल्यावर, सात मिनिटं. पैकी चार हार्प स्टेजवर चढवण्यात गेली. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "पिंजाऱ्याचं पिंजण आलं रं, गाद्या काढा."

मी डोळे मिटले आणि ओढा वाजवला. पहिल्या कडव्यात ओढा खडकातून निघतो, दुसऱ्यात शेतात येतो, तिसऱ्यात मुलं त्यात कागदी होड्या सोडतात. होड्यांच्या जागी मी वरच्या बारीक तारांवर बोटं भरभर उतरवतो. तिथे मला अजूनही पन्नास मुलांचा एका सुरातला आवाज ऐकू येतो, आणि मागच्या बाकावरच्या एकाचा बेसूर.

टाळ्या कडाडून पडल्या. माझ्यानंतर पडद्यावर सिनेमा होता.

१४ सप्टेंबर

आप्पासाहेब आले. ऊस बागायतदार, सोसायटीचे संचालक, गणपतीत पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसणारे. आमच्या ओसरीवर बसल्यावर ओसरी लहान दिसू लागली.

"गुरुजी, त्या दिशी तुमी वाजिवलं ते काय हुतं?"

"हार्प."

"आख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाकडं हाय?"

"नाही."

"मग आमच्या मनकर्णेला शिकवा."

मला भरून आलं. म्हटलं, संगीताची तहान अखेर उसाच्या फडातही पोचली. पण आप्पासाहेबांनी लगेच खुलासा केला. मुलगी वीस वर्षांची आहे. कॉलेजला दोन वर्षं गेली, मग काढली. "बी.ए. झाली तर नवरा एम.ए. बघावा लागंल. तो काय झाडाला लागतो?" आता तिला दाखवायची आहे. पाहुणे आले की विचारणार, गाणं-बजावणं काय येतं. तर तालुक्यातल्या झाडून साऱ्या पोरी पेटी वाजवतात. तीच पेटी, तेच गाणं, आणि गाणं संपलं की तेच पोहे.

"पाव्हणं एका गावात चार पोरी बघत्यात. चौथीला इसरत्यात बी, पेटी कुणी वाजिवली ते. हे पिंजण न्हाई इसरायचे."

"हार्प," मी म्हटलं.

"तेच ते. यकच गानं बसवा. दाखवायपुरतं. गानं बसलं की पाव्हणं बोलावतो, वैशाखात बार उडवून टाकतो."

कलेची सेवा दाखवण्यापुरती. ठीक आहे. आम्ही कविताही परीक्षेपुरतीच शिकवत होतो.

२१ सप्टेंबर

पहिली शिकवणी. मनकर्णा दुपारी जीपने आली. खांद्याला कापडी पिशवी, बऱ्यापैकी जड. बरोबर सहादू नावाचा गडी. तो ओसरीवर बसतो आणि दोन तासांनी तिला घेऊन जातो. वाड्यावर गेल्यावर काय ऐकलं ते त्याने आप्पासाहेबांना सांगायचं, अशी व्यवस्था आहे. म्हणजे आमच्या शिकवणीला इन्स्पेक्टरही आहे.

मुलगी नम्र आहे. हार्पला नमस्कार केला, मला केला. एक तार छेडली, दुसरी छेडली, मग हात मागे घेतला.

"गुरुजी, मी आधी ऐकू का थोडे दिवस? कानात बसल्याशिवाय हातात येत नाही माझ्या."

हे वाक्य मी छत्तीस वर्षं वर्गांना सांगत आलो, आणि एकानेही मानलं नाही. मी ओढा वाजवला. दोन वेळा. ती भिंतीशी बसून, पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून, मांडीवर ठेवून ऐकत होती. मान खाली. एकाग्रता म्हणतात ती हीच.

जाताना सहादू म्हणाला, "बाई पयल्याच दिशी लई झ्याक वाजवत्यात." त्याचा गैरसमज दूर करावा असं मनात आलं, पण चांगलं बोलणाऱ्याला थांबवू नये.

१८ ऑक्टोबर

महिना झाला, प्रगती शून्य. अजून ऐकतेच आहे. मी एका बैठकीत सात-आठ वेळा ओढा वाजवतो. थांबलो की पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणते, "गुरुजी, थांबू नका ना." अशी रसिकता मी पाहिली नाही. भाऊसाहेब, माझा मुलगा, कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला असतो. तो आतून म्हणतो, "दादा, ओढ्याला धरण बांधा आता."

आमच्या वेळच्या मुली कवितांची पुस्तकं उराशी धरून बसत. हिचं पुस्तक आकड्यांच्या तक्त्यांचं दिसतं. असते एकेकाची आवड.

६ नोव्हेंबर

मधली तार तुटली. मनकर्णा म्हणाली, बोट लावलं आणि तुटली. बोटात एवढी ताकद असेल तर मुलीला भविष्य आहे.

तार कुठून आणायची? पुस्तिकेत लिहिलं आहे की या तारा मेंढीच्या आतड्याच्या असतात. मग आठवलं, आपल्याकडे पिंजणाला लावतात ती तातही आतड्याचीच. करीमभाई पिंजाऱ्याकडे गेलो. त्यांनी एक भेंडोळं काढून दिलं आणि विचारलं, "कितनी गादियाँ हैं?" मी म्हटलं, गाद्या नाहीत, संगीत आहे. ते म्हणाले, "तो धीरे खींचना."

मनकर्णेला ही गोष्ट सांगितली. तिने मान एकदम वर केली. "आतड्याच्या? खऱ्याखुऱ्या, मेंढीच्या?" मग पुन्हा विचारलं. जाताना दारातून तिसऱ्यांदा विचारलं आणि हसली. ज्ञानाची गोडी अशी लागते. आप्पासाहेबांकडे दर रविवारी बोकड पडतो, त्यामुळे घरात या गोष्टीचा बाऊ होण्याचं कारण नाही.

नवी तात पंधरा दिवस ताणत राहते, रोज स्वर उतरतो, रोज पिळावी लागते. त्याला तार बसणं म्हणतात. तार बसेपर्यंत वाजवता येत नाही. मनकर्णा म्हणाली, "काही हरकत नाही, गुरुजी. मी बसते तोवर वाचत."

२ डिसेंबर

आप्पासाहेबांना राहुरीकडचे पाहुणे आणायचे होते. आदल्या दिवशी दोन तारा तुटल्या. पाहुणे पुढे ढकलले. आप्पासाहेब म्हणाले, "गुरुजी, ह्ये पिंजण म्हंजे नव्या जावयापरीस नाजूक हाय."

उसाच्या गाड्यांनी रस्ता भरला आहे. मळीचा वास घरात येतो. भोंगा झाला की सहादू ओसरीवर दचकून जागा होतो आणि म्हणतो, "वाजवा, वाजवा, चांगलं चाललंय."

११ जानेवारी १९७१

आज स्पष्ट लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही. मी शिक्षक म्हणून नालायक आहे. पावणेचार महिने झाले, मुलीला एक कडवं येत नाही. हात धरून शिकवायला गेलो तर बोटं लाकडासारखी करते. वर्गातली मुलं नापास झाली तेव्हा मी अभ्यासक्रमाला दोष दिला, इन्स्पेक्टरला दिला, पालकांना दिला. इथे कोण आहे? विद्यार्थिनी रोज वेळेवर येते, दोन तास हलत नाही. मग दोष कुणाचा?

विमलला हे बोलून दाखवलं. ती चहा गाळत होती. मनकर्णेला रोज चहा देते, वर भजी. आपल्या सासऱ्याला इतक्या उत्साहाने कधी दिली नाहीत.

"ती नाही नापास होणार, मामंजी. अभ्यास जोरात चाललाय तिचा."

"अभ्यास?"

"रियाज म्हणायचं होतं मला."

७ फेब्रुवारी

आज आप्पासाहेब न सांगता आले. मी आत वाजवत होतो, डोळे मिटून, होड्यांच्या जागी पोचलो होतो. मनकर्णा भिंतीशी, पुस्तकात. बाहेर जोडे वाजले ते मला नंतर कळलं, कारण विमल दारात आडवी उभी राहिली होती.

"आत जाऊ नका, आप्पासाहेब. मध्ये तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं."

"मनकर्णाच वाजवतीया?"

"दुसरं कोण?"

विमल खोटं बोलली. माझी सून बोलत नाही, बोलली तर असं. मी थांबायला गेलो तर मनकर्णेने भिंतीशी बसूनच हात जोडले. असं केविलवाणं तोंड मी फक्त तोंडी परीक्षेत पाहिलं आहे. मी वाजवत राहिलो. बिचारीला बापासमोर आपलं अज्ञान उघडं पडायला नको असणार. गुरूने एवढं झाकावं.

ओढा संपल्यावर बाहेर गेलो. आप्पासाहेब ओसरीच्या खांबाला टेकून डोळे पुसत होते.

"गुरुजी, पोरगीनं काळीज हालवलं. आता न्हाई थांबायचं. नेवाशाकडचं स्थळ हाय, चांगली मानसं, माळकरी. पुढच्या म्हैन्यात बोलावतो. पिंजण हालंना तर पाव्हणं हालत्याल. हितंच, तुमच्या घरी."

मनकर्णा पांढरी पडली. वाटलं, वाजवता येत नाही म्हणून घाबरली. मी तिला धीर दिला, महिनाभर रोज चार तास बसलो तर दोन कडवी तरी येतील. ती म्हणाली, "चार तास? चालेल, गुरुजी." "उद्यापासून दोन पुस्तकं आणते."

१४ मार्च

झालं ते लिहून ठेवतो. यात माझी चूक कुठे आहे ते मला कुणीतरी सांगावं.

पाहुणे सकाळी आले. मुलगा, त्याचे वडील, मामा आणि मुलाची आई रतनबाई. सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. सोज्वळ माणसं. मुलाच्या वतीने मामा बोलत होते. विमलने पोहे केले होते, कांद्याशिवाय, कारण आधीच निरोप आला होता. आप्पासाहेबांनी रेशमी फेटा बांधला होता. सहादू ओसरीवर जमलेल्या शेजाऱ्यांना सांगत होता, "आता ऐका. देव सोरगातनं खाली येतोय बगा."

रतनबाई उठून हार्पजवळ गेल्या. तारांवरून हात फिरवला. "किती गुळगुळीत गं बाई."

मनकर्णा नऊवारी नेसून हार्पशी बसली. तिला दीड कडवं येत होतं, तेही रडतखडत. तिने हात उचलला, थांबली, आणि माझ्याकडे वळून इतक्या गोड आवाजात बोलली की तो अजून कानात आहे.

"गुरुजी, आधी पाहुण्यांना वाद्याची माहिती सांगा ना. तुम्ही सांगता तसं कुणी सांगत नाही. तारा कशाच्या असतात, त्यापासून."

निवृत्त शिक्षकाला असं विचारणारं कुणी भेटत नाही. मी उभा राहिलो. गोऱ्यांच्या देशातला मेंढपाळ, हिरवी कुरणं, रात्री शेकोटीभोवतीची गाणी, सगळं सांगितलं. मग ओघानेच आलं. "ही जी तार आपण पाहता, ती मेंढीच्या आतड्यापासून बनते. ताजं आतडं धुऊन, खरवडून, पिळून, उन्हात..."

रतनबाईंनी हात पुढे धरला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"पाणी," त्या म्हणाल्या. "पाणी आणा आधी."

विमलने तांब्या आणला. रतनबाईंनी मोरीवर हात धुतला, मग कोपरापर्यंत धुतला. आप्पासाहेब म्हणाले, "अहो ताई, वाळल्यालं असतंय ते. त्यात काय न्हाई."

"आमच्या घरात कांदा येत नाही, आप्पासाहेब. आणि सून दिवसभर आतडी कुरवाळत बसणार?"

मामांनी मुलाला उठवलं. मुलगा जाता जाता पोह्यांच्या बशीकडे पाहत होता. एवढी एकच भावना त्याच्या चेहऱ्यावर दिसली.

जीप गेली. आप्पासाहेबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "गुरुजी, छत्तीस वर्सं शिकिवलं तुमी. कदी गप बसायचं ते शिकला न्हाई."

मी जे सांगितलं ते पुस्तिकेत छापलेलं आहे. पान आठ. ते उंदरांनी खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

मनकर्णा आत विमलच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती. निदान पाठ तशी हलत होती.

१७ मार्च

आप्पासाहेबांनी तीन दिवस विचार केला आणि निर्णय दिला. मुलीची कला वाया जाऊ द्यायची नाही. तारा बदलायच्या. "समद्या काडा. दुसऱ्या बसवा. शाकाहारी."

"शाकाहारी तारा कोपरगावात मिळणार नाहीत," मी म्हटलं.

"नगरला मिळतील," मनकर्णा म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की उत्तर आधीच पाठ असावं. "पण जाडीप्रमाणे एकेक जुळवून घ्याव्या लागतील, आप्पा. आठ-दहा दिवस तरी. मी स्वतः गेले तरच होईल, बोटाला कळतं."

विमल म्हणाली, तिचं माहेर नगरलाच आहे, मनकर्णा तिथे राहील. ती पण जाईल, फार दिवस झाले आईला भेटून. आणि मामंजी बरोबर असले की कुणी नाव ठेवणार नाही. माझ्याविषयी इतका आदर या घरात आहे हे मला नवीन होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला निघायचं ठरलं. आप्पासाहेबांना मार्चमध्येच हवं होतं. मनकर्णा म्हणाली, नवा माल एप्रिलला येतो.

६ एप्रिल, नगर

एस.टी.ने आलो. सुनेच्या माहेरी राहणं बरं दिसत नाही म्हणून मी माझ्या जुन्या सोबत्याकडे, गोरक्षनाथ ड्रॉइंग मास्तरांकडे उतरलो आहे. दोघं पलंगावर बसून जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या कविता आठवतो. त्याला पहिल्या ओळी येतात, मला शेवटच्या. मधलं दोघांनाही नाही.

मनकर्णा रोज साडेदहाला तारा शोधायला निघते, विमल बरोबर जाते. मी बरोबर येऊ म्हटलं तर विमल म्हणाली, ऊन फार आहे. दोन-अडीचला परततात. तारा एकही नाही.

१२ एप्रिल

अजून शोधच. गोरक्षनाथला नवल वाटतं, नगरात एवढी दुकानं कुठे आहेत. आज संध्याकाळी मी गेलो तेव्हा मनकर्णा विमलच्या आईच्या ओट्यावर बसून आकाशाकडे पाहत तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. जवळ जाऊन ऐकलं. ओढ्याची चाल. शब्द नाहीत, नुसती चाल.

सात महिन्यांनी का होईना, बी रुजलं. मी तसाच मागे फिरलो.

तिच्या बोटांना शाई लागलेली होती. तारा शोधताना शाई कशी लागते कोण जाणे. नगरचे दुकानदार पावत्या घाईत लिहीत असतील.

२० एप्रिल, कोपरगाव

परत आलो. तारा मिळाल्या. बॅडमिंटनच्या रॅकेटला लावतात ती नायलॉनची दोरी, खेळाच्या सामानाच्या दुकानातली. बसवल्या. आवाज असा येतो, जसा कुणी पावसात छत्रीवर टिचक्या मारतंय. पण शाकाहारी आहेत.

मनकर्णा खूप झोपते म्हणे. विमल म्हणाली, "झोपू दे. दमली पोर."

आप्पासाहेब स्थळं शोधत आहेत. पण नेवाशाकडून गोष्ट पसरली आहे, आणि पसरताना वाढली आहे. आता लोक म्हणतात, मुलगी हातांनी मेंढ्या कापून वाद्य करते. वैशाख रिकामा जाणार.

१५ जून

आज बाजारात कॉलेजचे प्रिन्सिपॉल आप्पासाहेबांना भेटले आणि चारचौघांत त्यांनी आप्पासाहेबांच्या गळ्यात हार घातला. आपली मनकर्णा बी.ए. पास झाली, अर्थशास्त्र घेऊन, दुसऱ्या वर्गात. कॉलेजमधून काढलेली असताना बाहेरून परीक्षेला बसली, नगर केंद्रावर. अशा बापाचा आदर्श तालुक्याने घ्यावा, वगैरे. टाळ्या वाजल्या. सोसायटीचे दोन विरोधकही टाळ्या वाजवत होते, त्यामुळे आप्पासाहेबांना हसावंच लागलं. पेढे वाटावे लागले. पेढे वाटून झाल्यावर रागवायला जागा राहिली नाही, म्हणून ते माझ्याकडे आले.

"गुरुजी, मी पिंजण शिकाया धाडली हुती."

मला स्वतःलाच ते आत्ता कळत होतं. जाड पुस्तक. आकड्यांचे तक्ते. शाई. तुटलेल्या तारा, नेमक्या आदल्या दिवशी. मेंढीचं आतडं. विमल स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, फक्त भांड्यांचा आवाज थांबला.

"आन सहादू सांगत हुता, बाई लई झ्याक वाजवत्यात. मी सोता ऐकलं. मी रडलो, गुरुजी."

"तो मी होतो," मी म्हटलं.

आप्पासाहेबांनी गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला. "म्हंजे मी तुमच्या वाजिवन्यावर रडलो?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. उठताना खिशातून पेढा काढून माझ्या हातावर ठेवला. दारापर्यंत जाऊन वळले. "आता नवरा एम.ए. पास बघायचा. तो काय झाडाला लागतो? मिळस्तवर शिकंना का पुण्याला. घरी बसून तरी काय करनार, त्या दोऱ्या ओरबाडनार."

१८ जून

मनकर्णा आली. पिशवी नव्हती. खाली वाकून पाया पडली तेव्हा मी पाय मागे घेतला. लिहायला लाज वाटते, पण घेतला.

"तुला हार्प शिकायचाच नव्हता," मी म्हटलं. "सात महिने तू मला जात्यासारखं फिरवलंस. दळण तुझं."

"होय, गुरुजी."

निदान नाही म्हणेल असं वाटलं होतं.

"घरी वाचायला बसले की आई हातातून पुस्तक घ्यायची. इथे बाहेर आवाज जात असला की कुणी आत यायचं नाही. म्हणून तुम्हाला थांबू द्यायचे नाही. विमलवहिनींना पहिल्या आठवड्यातच कळलं. तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं, पण वहिनी म्हणाल्या, मामंजींना सांगितलं तर ते उत्साहाने चौकात सांगतील."

विमलचं बरोबर होतं. नेवाशाचे पाहुणे साक्षीला आहेत.

मग ती म्हणाली, "पण एक झालं. मी वाचायचे तेव्हा तुमचं वाजवणं चालू असायचं, त्यामुळे सगळं त्या चालीतच पाठ झालं. पेपरात अडलं की मी मनात ओढा म्हणायचे. मागणी आणि पुरवठा म्हणजे पहिलं कडवं, खडकातून निघतो ते. बँका दुसऱ्यात. चलनवाढ आली ना, गुरुजी, ती होड्यांच्या जागी. तिथे तुमची बोटं भरभर उतरतात, तसं पानच्या पान आलं."

छत्तीस वर्षं. पन्नास-पन्नास मुलं. एकाच्याही डोक्यात तो ओढा वाहिला नाही, असं मी या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. खोडावं का, विचार करतो आहे. चलनवाढ वाहून आली हे खरं. पण वाहिला.

"ऐकवा ना एकदा," ती म्हणाली. "आज हातात काही नाही."

वाजवला. छत्रीवरच्या टिचक्यांसारखा. ती समोर बसून ऐकत होती, मान वर करून. दुसऱ्या कडव्यात माझ्याकडून चूक झाली. तिने ती लगेच ओळखली.

५ जुलै

दुपारी घोडेगावकडचे एक बैलांचे व्यापारी आले. बरोबर मुलगी, अठरा-एकोणीसची, नाव चांगुणा. आप्पासाहेबांनी त्यांना सांगितलं म्हणे, पिंजण शिकलेल्या पोरीला स्थळं उशिरा येतात पण मोठी येतात. तालुक्यात आता एवढीच एक विद्या शिल्लक आहे जी सगळ्यांना येत नाही.

"दिवाळीपातुर बसंल का एखादं गानं?" त्यांनी विचारलं. "दाखवायपुरतं."

मी मुलीकडे पाहिलं. ती हार्पकडे पाहतच नव्हती. खोलीत भिंतीशी उजेड कुठे येतो, ते पाहत होती. खांद्याला पिशवी, पट्टा ताणलेला.

"दिवाळी अवघड आहे," मी म्हटलं. "परीक्षा... म्हणजे बोटं तयार व्हायला एप्रिल उजाडेल. शिवाय तारा सारख्या तुटतात."

ते गेले. त्यांनी मागे ठेवलेला गडी ओसरीवर बसला. विमलने न सांगता भज्यांची कढई चढवली. मी दार लोटलं, हार्पशी बसलो आणि मुलीला भिंतीशी उजेडाची जागा दाखवली.

"कोणता विषय?"

तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गणित."

गणिताला ओढा पुरणार नाही, सहावीच्या पुस्तकातलं काहीतरी बसवावं लागेल. तोवर ओढाच सुरू केला.